बावन्न किलो

"हेमा, किती झालं?" कॅप्टन गर्ग्यांनी कॉकपिटच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

"त्रेचाळीस."

"आणि अजून बारा वाजायचे आहेत! मुंबईवाल्यांनी आज आपली पुरती वाट लावली."

जळगावच्या धावपट्टीवर मे महिन्यात आम्ही एकमेकांना वेळ विचारत नसू, तापमान विचारत असू. हवा तापली की पातळ होते, पंखांना आधार मिळत नाही, आणि विमान जेवढं वजन उचलू शकतं ते दर अंशागणिक कमी होत जातं. सकाळी नऊला, अडतीस अंशांवर, जे विमान दीड टन माल घेऊन चंद्रपूरला उडालं असतं, तेच आता बाराशे पन्नास किलोंवर येऊन अडलं होतं. मुंबईचं आमचं विमान अडीच तास उशिरा आलं होतं. त्या अडीच तासांत कोणता माल मागे राहणार, हे ठरवायचं काम माझं.

मी तेव्हा इंद्रवज्र एअर कार्गोची लोड ऑफिसर होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, अशी आमच्या कंपनीची गत. तीन जुनी विमानं, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. पण कॅप्टन गर्ग्यांनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून हा संसार मांडला होता आणि त्यामागचा विचार सरळ होता. मुंबईचा माल सकाळी जळगावला आणायचा, तिथे वाटण्या करायच्या, आणि जिथे दुसरं कोणतंच विमान जात नाही अशा गावांना दुपारपर्यंत पोचवायचा. लोक हसले. आम्ही चार वर्षांत सात गावं जोडली. मी तिथे सामान्य कारकून म्हणून लागले होते, आणि विमानात काय जाईल, कुठे ठेवलं जाईल याच्या कागदावर आता माझी सही असे. त्या सहीचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मी कापडाचे गठ्ठे उतरवले, मोटारींचे सुटे भाग उतरवले, कुरिअरच्या पिशव्या तर पहिल्या फटक्यात उतरवल्या. विमानात उरल्या तीन गोष्टी. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांचे दीडशे खोके, चंद्रपूरच्या दवाखान्यासाठी सापाच्या विषावरचं औषध, आणि एक शवपेटी.

पेटीत सोमेश्वर आत्राम होता. वय सत्तावीस. आखातात बांधकामावर काम करताना वरच्या मजल्यावरून पडला, आणि कागदपत्रांच्या घोळात तेरा दिवस तिथेच शवागारात राहिला. त्याचे वडील, पत्रूजी आत्राम, मुंबईला जाऊन पेटी ताब्यात घेऊन आले होते. शवपेटी एकटी पाठवायची नाही, ही कॅप्टनची रीत होती. घरचं एक माणूस बरोबर जायचं, फुकट. कागदावर त्याला 'मालाची देखरेख करणारा' म्हणत. मागच्या बाजूला एक घडीची खुर्ची होती, तिच्यावर त्याला बसवत आणि पट्टा लावून देत.

पत्रूजी विमानाच्या सावलीत उकिडवे बसले होते. काळे, किडकिडीत, पांढऱ्या सदऱ्याला नवेपणाच्या घड्या तशाच. मी कागद घेऊन गेले तसे ते उठून उभे राहिले.

"बसा हो काका."

"नाई जी, बसून बसून थकलो. किती वेळ लागते तिकडे?"

"दोन तास. तीनच्या आत तुम्ही चंद्रपूरला असाल. तिथून?"

"तिथून दीड घंटा. गाडी उभी हाय गावची." त्यांनी विमानाच्या उघड्या दाराकडे पाहिलं. "सांजेच्या आधी माती द्याची हाय. गावात चूल नाई पेटली जी, कालपासून. बुढी, त्याची माय, तर पाण्यालेही तोंड लावत नाई म्हणे. मी मुंबईले निघालो तवा तिनं एकच सांगतलं. त्याले एकट्याले नोका आणू, म्हणे. तिकडे एकटाच मेला तो. आता घरापोतर त्याले एकटं नोका ठेवू."

मी त्यांना काट्याकडे नेलं.

काटा आमच्या गोदामाच्या दारात होता आणि काट्यावर तडवीचाचा. रमजान तडवी, यावलकडचे, आधी जिनिंगमध्ये तोलाईला होते. कॅप्टननी त्यांना पहिल्या वर्षीच उचलून आणलं होतं. पत्रूजी पिशवीसकट काट्यावर चढले. चाचांनी वाकून पाहिलं, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि माझ्या हातात दिली. पन्नास. मी माझ्या तक्त्यात बावन्न मांडले आणि बेरीज केली.

बाराशे ब्याण्णव. बेचाळीस किलो जास्त.

पुन्हा केली. आकडे काही दयामाया करत नाहीत.

"कॅप्टन, बेचाळीस जातात वर."

गर्गे खाली उतरले. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी माझा तक्ता घेतला, आपला तापमानाचा तक्ता काढला, बोट फिरवलं. "मी पंचेचाळीसच्या रकान्यात बघतोय, उडेपर्यंत तेवढं होईलच. बाराशे पन्नास. एक किलो जास्त नको."

"पिल्लांचे सात खोके उतरवते."

"कुठे ठेवशील? या शेडमध्ये?"

पत्र्याच्या त्या शेडमध्ये दुपारी हात लावला तर चटका बसे. सात खोके म्हणजे सातशे पिल्लं. ती चंद्रपूरकडच्या बायकांच्या गटांना जाणार होती. आम्ही दोघं बोलत उभे होतो आणि पत्रूजी काट्यावरून उतरून आमच्या मागे कधी आले ते कळलंच नाही.

"काय झालं जी?"

"काही नाही काका. थोडं वजन जास्त होतंय. उन्हामुळे."

"किती?"

"बेचाळीस किलो."

त्यांनी आतल्या खोक्यांकडे पाहिलं. दीडशे खोक्यांतून पिल्लांचा कलकलाट चालला होता. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी सहज बोलले, जणू बसमध्ये कुणाला जागा देत होते.

"मले उतरवा नं."

"नाही नाही. आम्ही खोके उतरवतोय."

"ते जीव हायेत बाई. उन्हात मरतीन. माहा पोट्टा तर... त्याले आता काय होते? त्याले जाऊ द्या. मी मागून येतो. गाडी असन नं?"

मी कॅप्टनकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मिनिटागणिक ऊन चढत होतं, आणि वाद घालत बसलो तर आणखी खोके उतरवावे लागले असते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"काका, गाडीनं उद्या सकाळ होईल," मी म्हणाले. "सांजेच्या आधी..."

"थांबतीन. बाप हाय मी त्याचा. थांबनार नाई का?"

"थांबतील," मी म्हणाले. "मी चंद्रपूरच्या आमच्या माणसाला फोन करते. तो तुमच्या गावकऱ्यांना सांगेल. नक्की थांबतील."

ते विमानात चढले. आम्ही बाहेरच उभे राहिलो. आत ते पेटीजवळ वाकले, तिच्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. गोंडीत असावं, मला समजलं नाही. लांबलचक बोलले. रागावल्यासारखं, समजावल्यासारखं. मग खाली आले, आणि तडवीचाचांनी दार ओढून घेतलं.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावलं आणि उठलं. पत्रूजी हात कपाळाशी धरून बघत राहिले. विमान दिसेनासं झालं तरी हात तसाच होता.

मी त्यांना गोदामातल्या पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि ऑफिसात येऊन वायरलेसपाशी बसले. दहाएक मिनिटांनी कॅप्टनचा आवाज आला.

"हेमा, सगळं ठीक. आज मस्त उचललं. अर्धी धावपट्टी शिल्लक होती. वाऱ्यानं साथ दिली बहुतेक."

"ठीक आहे सर."

मी वायरलेसचा माइक हातातच धरून बसले. अर्धी धावपट्टी? आणि वारा कुठला? बाहेरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी फुगा काठीला चिकटून लोंबत होता. मघाशी मी स्वतः पाहिला होता.

तडवीचाचा चिठ्ठ्यांची चळत ठेवायला आत आले.

"चाचा, आज विमान फार हलकं उठलं म्हणतात."

"उठंलच की." चाचा खूश झाले. "ताई, आपण वजन चोख धरतो. काटा दाखवीन त्याच्यावर शंभराला पाच चढवून लिहितो मी. चार वर्षं झाली, एकदा चुकलो न्हाई."

"काय?"

"शंभराला पाच. कॅप्टनसायबांनी सांगितलं होतं ना, त्या वख्ताला."

ते कधी सांगितलं ते मला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्यानं वजन चोरून माल दिला होता आणि आमचं विमान कुंपणावरून जेमतेम हातभर उंचीनं निघालं होतं. त्या संध्याकाळी कॅप्टननी आम्हाला एकेकाला बोलावून सांगितलं होतं, "यापुढे वजन थोडं जास्तच धरायचं. विमान हलकं आहे म्हणून कधी पडत नाही." चाचांनी ते मनावर घेतलं. मीही घेतलं. चाचांच्या चिठ्ठीवरच्या प्रत्येक आकड्यात मी चार वर्षं शंभराला चार मिळवत आले होते, आणि त्यांच्या आकड्यात आधीच पाच मिळवलेले आहेत हे मला माहीत नव्हतं. कॅप्टन स्वतः दोन अंश वरचा रकाना बघत होते. प्रत्येकाला वाटलं, काळजी फक्त आपणच घेतोय. चार वर्षांत तिघं एकदाही त्यावर बोललो नव्हतो. त्याची गरजच पडली नव्हती. एखादा गठ्ठा मागे राहायचा, दुसऱ्या दिवशी जायचा.

"चाचा, काकांचं वजन काट्यानं किती दाखवलं होतं?"

"अठ्ठेचाळीस. पिशवीसगट."

मी चिठ्ठ्या पुढे ओढल्या आणि सगळं उलटं करत गेले. माझे चार काढले, चाचांचे पाच काढले. पिल्लं, औषध, पेटी मिळून अकराशे पस्तीस. त्यात अठ्ठेचाळीस घाला. अकराशे त्र्याऐंशी. बाराशे पन्नासला अजून सदुसष्ट किलो कमी. पत्रूजींच्या शेजारी आणखी एक पत्रूजी बसले असते.

माइक हातात होता. बटण दाबायचं आणि म्हणायचं, "सर, परत या." विमान तेव्हा फार तर मलकापूरच्या आसपास असेल. अर्ध्या तासात पुन्हा इथे उतरलं असतं. पुन्हा उडताना ऊन आणखी चढलं असतं, पण सदुसष्ट किलो हाताशी होते. बसलं असतं. मी हा सगळा हिशेब तेव्हाच, त्या खुर्चीत केला होता. नंतर सुचला असं नाही.

मी बटण दाबलं नाही.

पिल्लं गुदमरतील, इंधन जाईल, चंद्रपूरला औषधाची वाट बघताहेत, अशी सतरा कारणं मी त्या दहा मिनिटांत गोळा केली. त्यातली सगळी खरी होती आणि एकही खरं कारण नव्हतं. खरं कारण एवढंच, की परत बोलावलं असतं तर का बोलावलं ते सांगावं लागलं असतं, आणि त्या कागदावर माझी सही होती. चाचा समोर उभे होते. त्यांच्या काही लक्षात आलं नव्हतं.

"झालं का हिसाब?" त्यांनी विचारलं.

"झाला."

कंपनीच्या जीपनं मी स्वतः पत्रूजींना स्टेशनवर सोडलं. नागपूरच्या गाडीचं तिकीट काढून दिलं, माझा डबा त्यांच्या पिशवीत घातला. त्यांनी नको नको म्हणून पाहिलं. गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो.

"तुमाले पोरंबारं हायेत का बाई?"

"नाही. लग्न नाही झालं."

"सोमेश्वरचंही व्हायचं होतं. पैले घर बांधतो म्हने." त्यांनी हसल्यासारखं केलं. मग म्हणाले, "तुमी लय केलं जी. कोन करते परक्यासाठी एवढं?"

सांगायचं ते तिथेच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण गाडी फलाटावर शिरत होती, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले होते. मी पण जोडले. गाडी गेल्यावर मी फलाटावर उभी राहून रडले, चांगली हुंदके देऊन. बाजूच्या चहावाल्याला वाटलं असेल, बाप सासरी सोडून गेला.

फोन मी केला होता. चंद्रपूरच्या आमच्या माणसानं निरोपही दिला होता. सात वाजून गेल्यावर त्याचा उलटा फोन आला.

"मॅडम, निरोप सांगितला मी. पेटी गावात पाचला पोचली. तासभर बसले म्हणे वाट पाहत. पण तेरा दिवस झालेले, त्यात हे ऊन. गावातली जुनी मंडळी म्हणाली, सूर्य बुडायच्या आत द्यायलाच पाहिजे. दिली."

"कोणी दिली माती?"

"चुलतभावानं."

तेव्हा पत्रूजी बडनेऱ्याच्या आसपास असतील. गाडीत, माझ्या डब्यातली पोळी खात किंवा न खाता, थांबले असतील या भरवशावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसचा फोन वाजला. मीच उचलला.

"बाई, मी पत्रू आत्राम बोलून राहिलो. वळखलं का?"

"ओळखलं काका. कसे आहात?"

"पोचलो जी." मागे बायकांचे आवाज होते, एक मूल रडत होतं. "झालती माती. मी गेलो तवा ओलंच होतं वरून. पानी शिंपडलं होतं."

"काका, मला माफ..."

"तुमची काय चूक जी? नोका असं बोलू. मी दुसऱ्या कामासाठी फोन केला." त्यांनी आवाज खाली आणला. "बुढी बोलत नाई माह्यासंगं. एक शबद नाई. मी घरात आलो तं उठून बाहेर गेली. लोकाईले म्हनते, बापानं पोराले एकट्याले धाडून देल्लं आन् सोता मजेनं गाडीत बसून आला. मी सांगतलं तिले, जागा नव्हती विमानात, वजन जास्त झालं होतं. तिचा इस्वास नाई. म्हनते, एका मानसाचं काय वजन रायते? मी तर आधीच चिपाडावानी. तुमी सांगता का तिले? शिकलेल्या बाईचं आयकन ती."

मी हो म्हणायच्या आत फोन हातांतून हातात गेला. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

"आई," मी म्हणाले, "मी जळगावहून बोलतेय. विमानाचं वजन मी केलं होतं."

"हो."

"काका त्याच्या सोबतच निघाले होते. बसायलाच निघाले होते."

"मंग उतरले काहून?"

साधा प्रश्न होता. त्याचं खरं उत्तर जगात मला एकटीला माहीत होतं. चाचांना सांगितलं नव्हतं, कॅप्टनना सांगितलं नव्हतं. ते उत्तर दिलं असतं तरीही पत्रूजी सुटले असते. दोष माझ्यावर आला असता, त्यांच्यावरचा गेला असता. आणि त्या बाईला हेही कळलं असतं, की तिच्या मुलाजवळची ती खुर्ची चंद्रपूरपर्यंत रिकामी गेली, आणि ती रिकामी जायची काही गरज नव्हती. ते तिनं कसं सोसलं असतं? असं मी आज म्हणते. त्या क्षणी मला तिची दया आली की माझीच, हे एकोणीस वर्षांनीही मला सांगता येत नाही.

"जागा नव्हती आई," मी म्हणाले. "खरंच नव्हती. काकांचा काही इलाज नव्हता. त्यांनी फार विनवलं. मीच उतरवलं त्यांना."

मग तिनं फोन बाजूला केला असावा, कारण पुढचं मला लांबून ऐकू आलं. ती माझ्याशी बोलत नव्हती.

"या इकडे," ती नवऱ्याला म्हणत होती. "उठा. दोन घास खाऊन घ्या आता. किती दिस झाले, पोटात काई नाई तुमच्या."

फोन कोणी ठेवला नाही. मी ताटाचा आवाज ऐकला, पाण्याचा ऐकला. पत्रूजी रडत होते आणि ती त्यांना खा म्हणत होती. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पत्रूजी जेवत होते, आणि मला फोन ठेवून द्यायचं धैर्य होत नव्हतं.